सुई कोणाच्या हातीं?

संकटसमयीं उपयोगीं पडणाऱ्या औषधाची किंमत केवळ त्याच्या गुणावर ठरत नाहीं. तें किती वेळांत रोग्याच्या अंगांत पोंचतें, ह्यावरही ती ठरते. कपाटांत बंद असलेलें अमृत आणि मुळींच नसलेलें अमृत ह्यांत मरणाऱ्याच्या दृष्टीनें कांहींच अंतर नाहीं. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सांगण्याचें प्रयोजन काय, असें वाचकांस वाटेल. परंतु आमच्या कायद्यांची, वैद्यकाच्या शिस्तीची व आमच्या खेड्यांची रचनाच अशी आहे कीं, ही उघड गोष्ट पदोपदीं दृष्टिआड होते. प्रबल औषध डॉक्टरांच्या चिठीवांचून कोणास मिळूं नये आणि अधिकाऱ्यावांचून तें कोणीं टोचूं नये, हा नियम. डॉक्टर उजाडण्यापूर्वीं येऊं शकत नाहीं आणि मूल उजाडेपर्यंत टिकत नाहीं, ही वस्तुस्थिति. ह्या दोहोंचा जो झगडा दीर्घकाळ चालत आला आहे, त्याचा थोडा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नियमाची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. हा नियम कोणा एका वर्गाच्या स्वार्थांतून उपजला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हां वैद्यकाच्या नांवाखालीं कोणीही कांहींही विकावें व कोणासही द्यावें, अशी स्थिति होती. औषधांच्या बाजारांत भेसळ व निकृष्ट माल इतका माजला कीं, १९३० सालीं सरकारास कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी-समिति नेमावी लागली. तिच्या अहवालानंतर कांहीं वर्षांनीं, १९४० सालीं, औषधांचा कायदा आला, व त्याखालील नियम १९४५ सालीं झाले. पुढें ह्याच नियमांच्या ‘एच’ परिशिष्टांत, नोंदलेल्या डॉक्टरांच्या चिठीवांचून जीं विकतां येत नाहींत अशीं औषधें गणलीं गेलीं. विष आणि औषध ह्यांत मात्रेचाच काय तो फरक असतो, हें आपले जुने वैद्यही जाणून होते. तेव्हां मात्रा ठरविणाऱ्याचा अधिकार मर्यादित असावा, ह्या तत्त्वाशीं आमचें भांडण नाहीं.

परंतु गंमत अशी कीं, ज्या सरकारनें पुढें हे निर्बंध घातले, त्याच सरकारनें त्यापूर्वीं दोन मोठ्या संकटांत ते आपण होऊन बाजूस ठेवले होते. पहिलें संकट देवीचें. मुंबईंत ता. १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचली गेली, आणि हिंदुस्थानांत देवी काढण्याचा आरंभ झाला. पुढें हें काम खेडोपाडीं नेण्यास डॉक्टर पुरतना. म्हणून तेवढेंच एक काम शिकलेले व पगारी नेमलेले देवी काढणारे गांवोगांव हिंडूं लागले. ते शस्त्रवैद्य नव्हते. परंतु मुलाच्या दंडावर शस्त्र धरण्याचा अधिकार त्यांस सरकारनें दिला होता. लोकांनीं त्यांना भ्यावें, मुलें घरांत लपवावीं, हेंही घडलें. तरी अशाच शिकविलेल्या माणसांच्या फौजेनें तें काम पिढ्यान्‌पिढ्या चालविलें, आणि १९७७ सालीं भारत देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा मिळाला.

दुसरें संकट हिंवतापाचें. सिंकोना झाडाच्या सालींतून पेल्तिये व काव्हांतू ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८२० सालीं क्विनाईन वेगळें काढलें. १८६० नंतर तीं झाडें निलगिरीवर व दार्जिलिंगजवळ मुंगपू येथें लावण्यांत आलीं. औषध तयार झालें. पण तें हिंवतापानें कुडकुडणाऱ्या रयतेच्या दारीं न्यावें कोणीं? १८९२ सालीं बंगाल्यांत सर जॉर्ज किंग ह्यांच्या योजनेनें ह्या प्रश्नास जें उत्तर मिळालें, तें आजही विचार करण्यासारखें आहे. पोस्ट ऑफिसांतून क्विनाईनच्या पुड्या विकण्यास ठेविल्या गेल्या. किंमत एक पैसा. पोस्टमास्तर कांहीं वैद्य नव्हता, नाडी पाहणें त्याच्या बापजन्मीं ठाऊक नव्हतें. क्विनाईन हें निरुपद्रवी चूर्णही नव्हे. प्रमाणाबाहेर घेतल्यास कानांत आवाज येतात, ऐकूं येईनासें होतें. परंतु मात्रा आधींच मोजून पुडींत बांधलेली होती. ज्ञान पुडी बांधणाऱ्यापाशीं होतें, विश्वासूपणा पोस्टमास्तरापाशीं होता, आणि दोहोंची सांगड घातल्यानें डॉक्टर जेथें नव्हता तेथें औषध पोंचलें. ह्या लहानशा व्यवस्थेंत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे, असें आम्हांस वाटतें.

स्वातंत्र्यानंतर हें बीज महाराष्ट्रांतच अनेक ठिकाणीं रुजलें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें, ज्यांस अक्षरओळखही नव्हती अशा खेडवळ स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देऊन गांवच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविली. त्याच सुमारास, १९७१ सालीं, पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीचा कहर झाला. शिरेवाटें देण्याचें द्रावण संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, साखर व सोडा ह्यांचें द्रावण पिंपांतून भरून ठेवून, रोग्यांच्या नातलगांच्याच हातीं पेले दिले. छावणींतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ३.६ वर आलें. मात्र मीठसाखरेचें पाणी झालें तरी घरगुती वस्तु. खरी कसोटी लागणार होती ती सुईच्या व जंतुनाशक औषधाच्या ठिकाणीं. ती लागली गडचिरोलींत.

गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुराहून वेगळा झाला. अरण्य दाट, वस्ती विरळ. पावसाळ्यांत ओढेनाले भरले कीं कित्येक गांवांचा रस्ता तुटतो. नागपुरास वैद्यकाचें व अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य येथें आलें, आणि १९८६ सालीं त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांनीं पहिला हात घातला तो बालकांच्या न्यूमोनियास. गांवांतील कार्यकर्ते व सुइणी ह्यांस मुलाचे श्वास मोजण्यास शिकविलें; श्वास ठराविक संख्येहून जलद असल्यास को-ट्रायमॉक्झाझोल द्यावयाचें, एवढाच विधि. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय पत्रांत त्याचा जो अहवाल आला, त्यावरून असें दिसलें कीं, ह्या रीतीनें उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकीं शेंकडा ०.८ दगावलीं, तुलनेसाठीं घेतलेल्या इतर गांवांत हेंच प्रमाण १३.५ होतें.

परंतु त्यांच्या हिशेबांतून एक भयंकर गोष्ट पुढें आली. पहिल्या वर्षांत जीं बालकें मरत, त्यांपैकीं बहुतेक पहिल्या महिन्यांतच मरत. आपल्या घरांतील बाळंतिणीची खोली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको. अंधारी खोली, दार लावलेलें, बाळास बाहेर काढावयाचें नाहीं. बाळानें अंगावर पिणें सोडलें तर दृष्ट लागली म्हणावयाचें. पांढरपेशा घरांतही ही स्थिति आपल्या आज्यांच्या काळापर्यंत होती. तेव्हां गडचिरोलीच्या खेडुतांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. एकुणचाळीस गांवांतील नवजात बालकांची वर्षभर पाहणी केली तेव्हां आढळलें कीं, निम्म्याहून अधिक बालकांस कोणत्या ना कोणत्या उपचाराची जरुरी होती, आणि डॉक्टरांची दृष्टि पडली ती शेंकडा २.६ बालकांवर. बाकीचीं आपल्या दैवावर सोडलेलीं.

नवजात बालकांच्या रक्तांत जंतुदोष पसरला म्हणजे तें बालक कांहीं तासांत हातचें जातें. ह्यावर जें प्रभावी औषध, तें जेंटामायसिन. १९६३ सालीं उजेडांत आलेलें हें औषध तोंडावाटें देऊन ह्या कामीं उपयोग नसतो. टोंचावेंच लागतें, आणि मात्रा चुकल्यास मूत्रपिंडास व कानास अपाय होतो. म्हणजे ज्या कारणांसाठीं नियम केला, तीं सर्व कारणें ह्या एका कुपींत एकवटलीं होतीं. ग्रंथांचा आदेश स्पष्ट होता: बालकास रुग्णालयांत न्यावें. बंग दांपत्यानें आईबापांस रुग्णालयाचा सल्ला देऊन पाहिला. बहुतेक जात नसत. वाट लांब, पैसा नाहीं, ओल्या बाळंतिणीस बाहेर काढण्याची भीति, आणि गेलेलें मूल परत येईल ह्यावर विश्वास नाहीं. तेव्हां प्रश्न असा उरला कीं, रुग्णालयांत न येणाऱ्या बालकास मरूं द्यावें, कीं रुग्णालयांतील सुई त्याच्या घरीं पाठवावी?

त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. पण तो कसा पत्करला, हें लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. प्रत्येक गांवांतून पांचवी ते दहावीपर्यंत शिकलेली, त्याच गांवांत नांदणारी एक स्त्री निवडली. तिला नांव दिलें ‘आरोग्यदूत’. १९९३ पासून दोन वर्षें नुसती मोजदाद केली. १९९५ पासून ह्या स्त्रिया बाळंतपणास हजर राहूं लागल्या. बाळाचें वजन घेणें, ताप व श्वास पाहणें, श्वास न घेणाऱ्या बाळास फुंकणीनें श्वास देणें, गारठलेल्या बाळास ऊब देणें, हें सर्व त्या करूं लागल्या. सुई त्यांच्या हातीं आली ती १९९६ च्या सप्टेंबरांत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ त्यांचें काम पाहून झाल्यावर. रोगाचें निदान त्यांच्या मर्जीवर सोडलें नव्हतें. बाळाचें रडणें क्षीण झालें, पिणें कमी झालें, अंग सैल पडलें, पोट फुगलें, अशीं ठराविक लक्षणें सांगितलेलीं. त्यांपैकीं दोन एकाच वेळीं दिसलीं तरच जंतुदोष मानावयाचा. मग आईबापांची लेखी संमति घ्यावयाची, जेंटामायसिन टोंचावयाचें व जोडीस को-ट्रायमॉक्झाझोलचें औषध पाजावयाचें. प्रत्येक गोष्टीची नोंद वहींत, आणि त्या वहीची तपासणी वरचेवर. पोस्टांतल्या पुडींत जसें ज्ञान बांधून ठेविलें होतें, तसें येथें तें लक्षणांच्या यादींत व वहीच्या रकान्यांत बांधलें होतें, एवढाच फरक.

निकाल १९९९ च्या डिसेंबरांत ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या ३९ गांवांत हें काम चाललें, तेथें आरंभीं दर हजार जिवंत जन्मांमागें ६२ बालकें पहिल्या महिन्यांत दगावत. तिसऱ्या वर्षीं ही संख्या २५.५ वर आली. तुलनेसाठीं ठेविलेल्या ४७ गांवांत ती ५८ होती, ती ५९.६ झाली, म्हणजे तेथें काळ नुसता निघून गेला. दोन्हींकडील फरक हिशेबांत धरतां मृत्यूंत शेंकडा ६२ ची घट झाली, आणि खर्च दर बालकामागें सुमारें ५.३ डॉलर आला. आतां कोणी चतुर वाचक म्हणेल कीं, ही घट ऊब, श्वास, स्तनपान ह्या सर्वांच्या योगें झाली. त्यांत सुईचा वांटा किती? शंका रास्त आहे. तिचें उत्तर त्याच अहवालांत आहे. सुई येण्यापूर्वीं जंतुदोष झालेल्या १६३ बालकांपैकीं २७ गेलीं, म्हणजे शेंकडा १६.६, आरोग्यदूतांनीं उपचार केलेल्या ७१ बालकांपैकीं दोन गेलीं, म्हणजे शेंकडा २.८. आंकडे लहान आहेत, आणि आधीं व नंतर अशी ही तुलना असल्यानें तिला शास्त्रीय दृष्ट्या मर्यादाही आहेत; परंतु ज्या घरीं तें बालक जगलें, त्या घरीं हा आंकडा लहान नव्हता.

आतां विरोधी पक्षाचें म्हणणें. त्याचे मुद्दे मुख्यतः तीन. पहिला, कायद्याचा: चिठीचें औषध आणि इंजेक्शन हीं नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या हातीं देणें हा पायंडा वाईट. दुसरा, शास्त्राचा: जंतुनाशक औषधांचा सुळसुळाट झाला म्हणजे जंतु त्यांस दाद देईनासे होतात. तिसरा, न्यायाचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत वजनदार: श्रीमंताच्या मुलास बालरोगतज्ज्ञ आणि गरिबाच्या मुलास आठवी शिकलेली बाई, हा पंक्तिप्रपंच आपण कायम करीत नाहीं काय?

पहिल्या मुद्द्यास उत्तर असें कीं, ज्या देशांत कसलेंही शिक्षण नसलेले स्वयंघोषित डॉक्टर बाजारच्या दिवशीं खुशाल सुया टोंचीत बसतात, तेथें शिक्षण घेतलेली, नोंद ठेवणारी व तपासणीखालीं असलेली स्त्री हा वाईट पायंडा कसा? दुसरा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच दोन लक्षणांचा नियम व नोंदवही ह्यांचें महत्त्व. औषध ढिलेपणानें देणें व औषध जवळ नेणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. तिसऱ्या मुद्द्यापुढें मात्र आम्हीं मान लववितों. आरोग्यदूत ही रुग्णालयाची जागा घेऊं शकत नाहीं, आणि तिच्या नांवावर रुग्णालय न बांधण्याची सबब कोणी काढील तर तो तिचा व त्या बालकांचा दोघांचाही अपराध होईल. परंतु रुग्णालय बांधून होईपर्यंत जन्मणाऱ्या बालकांनीं थांबून राहावें, असेंही आपण म्हणूं शकत नाहीं.

हाच वाद परदेशांत निराळ्या वेषांत झाला, तोही थोडक्यांत पाहूं. जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञानें शतकाच्या आरंभीं शुद्ध केलेलें अ‍ॅड्रेनलिन हें मधमाशीच्या डंखानें किंवा शेंगदाण्याच्या कणानें गुदमरणाऱ्या माणसास मिनिटांत वांचवितें. अमेरिकेंत १९८७ सालीं आपोआप टोंचणारें त्याचें लेखणीसारखें साधन मान्य झालें. येथेंही मात्रा आधींच मोजून भरलेली. इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांस तें साधन चिठीवांचून विकत घेऊन ठेवण्याची मुभा मिळाली, म्हणजे शिक्षकाच्या हातीं सुई आली. अफूच्या जातीच्या औषधांनीं श्वास बंद पडतो त्यावरील उतारा नॅलोक्सोन. तो १९६१ सालीं शोधला गेला व १९७१ सालीं मान्य झाला. पंचवीस वर्षें तो रुग्णालयांत राहिला, आणि व्यसनी माणसें त्याच्यावांचून आपल्या खोल्यांतून मरत राहिलीं. १९९६ सालीं शिकागोंतील कांहीं कार्यकर्त्यांनीं तो व्यसनी माणसांच्या व त्यांच्या सोबत्यांच्याच हातीं देण्यास आरंभ केला. व्यसनास उत्तेजन मिळेल, अशी ओरड झाली. परंतु अमेरिकेंत २०१४ च्या मध्यापर्यंत दीड लाखांहून अधिक सामान्य लोकांस तो वांटला गेला होता, आणि २६,४६३ वेळां त्यानें माणूस परत आणल्याची नोंद झाली होती. २०२३ सालीं त्याचा नाकांत मारावयाचा फवारा तेथें चिठीवांचून विकण्यास परवानगी मिळाली. मात्र अफू पोटांत नसल्यास नॅलोक्सोन कांहींच करीत नाहीं. जेंटामायसिनचें तसें नाहीं. तेव्हां सर्व औषधांस एकच माप लावतां येत नाहीं. धोका जितका मोठा, तितकें शिक्षण व देखरेख अधिक, हाच सरळ न्याय.

गडचिरोलीच्या ह्या धड्याचें पुढें काय झालें? जगानें तो बराचसा उचलला. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनीं नवजात बालकांच्या घरीं भेटी देण्याची शिफारस केली. आपल्या सरकारनें २००५ सालीं गांवोगांव ‘आशा’ नेमण्यास आरंभ केला, आणि २०११ पासून नवजात बालकांची घरीं काळजी घेण्याचें काम त्यांच्याकडे दिलें. वजनकांटा दिला, तापमापक दिला, घोंगडी दिली. सुई मात्र दिली नाहीं. २०१४ सालीं परिचारिकेस, म्हणजे उपकेंद्रांतील ‘नर्सबाईं’स, रुग्णालयांत नेणें शक्य नसल्यास जेंटामायसिन टोंचण्याची मुभा मिळाली. हें एक पाऊल पुढें खरें. परंतु एका नर्सबाईकडे कित्येक गांवें असतात, आणि आशा त्याच गांवांत, त्याच गल्लींत राहते. २०१९ च्या वैद्यक आयोगाच्या कायद्यानें डॉक्टर नसलेल्यांस मर्यादित परवाना देण्याची वाट उघडी केली, तेव्हां डॉक्टरांच्या संघांनीं मोठा निषेध केला.

ह्या इतिहासांतून आम्हांस दिसतें तें एवढेंच. देवी काढणारा, पोस्टमास्तर, छावणींतील नातलग आणि गडचिरोलीची आरोग्यदूत ह्या सर्वांच्या बाबतींत नियम मोडला गेला नाहीं. तो अधिक बारकाईनें लिहिला गेला. ‘डॉक्टरांवांचून कोणीं नाहीं’ हा नियम एका ओळीचा आहे, म्हणून तो सोपा वाटतो. ‘अमुक शिकलेल्या व्यक्तीनें, अमुक लक्षणें दिसतां, अमुक मात्रेनें, अमुक वहींत नोंद करून द्यावें’ हा नियम चार ओळींचा आहे, व तो पाळविण्यास कष्ट पडतात. ज्यांस हे कष्ट घ्यावयाचे नसतात त्यांस एका ओळीचा नियम पुरतो. कारण त्याचें उल्लंघन झालें तर गुन्हेगार सांपडतो, आणि त्याच्या पालनानें मूल गेलें तर कोणीच सांपडत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरापासून डॉक्टर हांकेच्या अंतरावर असेल, आणि हा प्रश्न आपला नव्हे असें त्यांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कायदे करणारे, त्यांवर मत देणारे, आणि डॉक्टर होणारे तरुण ह्याच घरांतून निघतात. एखाद्या रात्रीं वैनगंगेच्या पलीकडील झोंपडींत बाळ पिणें सोडील, तेव्हां तेथें कोण असेल हें आपण आज ठरवीत असतों. आरोग्यदूत तर तेथेंच राहते. तिच्या हातीं काय द्यावयाचें, एवढाच प्रश्न आहे.